पाळणाघराच्या अंगणात पाणीखेळ: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

घरगुती पाळणाघर नुकतंच सुरू केलं असेल, तर पाणीखेळ म्हटल्यावर डोळ्यांसमोर बहुधा हवा भरायचा रंगीत तलाव येतो. तो आणायचा, भरायचा, सगळी पोरं आत सोडायची. माझा सल्ला एवढाच, की तलाव घेऊ नका. एक ते तीन वर्षांच्या मुलांना पाण्यात बसण्यापेक्षा पाण्याचं काहीतरी करण्यात जास्त रस असतो: ओतायचं, सांडायचं, इकडचं तिकडे न्यायचं, भिंतीवर मारून बघायचं. त्याला पाणी फार थोडं पुरतं. भांडी मात्र पुष्कळ लागतात, आणि दोन्ही हात मोकळे असलेलं एक मोठं माणूस लागतं. हे मोकळे हात मिळवणं सगळ्यांत अवघड, म्हणून पुढे खेळांइतकीच जागा तयारीला दिली आहे.

आधी धोका समजून घ्या

या वयात डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं. जन्मतः डोक्याची उंची एकूण लांबीच्या साधारण एक चतुर्थांश असते; मोठ्या माणसात ती एक अष्टमांशाच्या आसपास येते. दीड वर्षाचं मूल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतं. बादलीत वाकून बघताना त्याचा तोल गेला, तर ते डोक्यावर आत जातं आणि स्वतःला वर उचलण्याइतकं बळ त्याच्या हातांत नसतं. नाक-तोंड झाकलं जाईल एवढं, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर पाणीसुद्धा जिवावर बेतू शकतं. आणि हे सगळं आवाज न होता घडतं. ओरडायला श्वास लागतो, तोच नसतो. ‘काही झालं तर ऐकू येईलच’ ही समजूत मनातून काढून टाका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार बुडून मृत्यू होण्याचं प्रमाण 1 ते 4 वर्षे या वयोगटात सर्वाधिक आहे. त्याच संघटनेने सुचवलेल्या उपायांत, शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांना पाण्यापासून दूर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली सुरक्षित जागा मिळावी, असाही एक उपाय आहे. म्हणजे पाळणाघर हा त्या धोक्यावरचाच एक इलाज. तिथे आपणच पाणी घेऊन येतोय, तर ते किती आणि कसं आणायचं याचा विचार आपल्यालाच करायला हवा.

त्यातून तीन नियम निघतात, आणि त्यांत तडजोड नको.

पहिला: पाणी बाहेर असेपर्यंत हात लांबवला की प्रत्येक मूल हाताला लागलं पाहिजे. ओट्यावर बसून लक्ष ठेवणं याला देखरेख म्हणत नाहीत.

दुसरा: एका माणसाचं काम फक्त बघण्याचं. फोन जवळ असावा, कारण मदत बोलवायला तो लागेल. हातात मात्र नसावा. दोन मोठी माणसं असतील तर ‘आता तू बघ’ असं तोंडाने बोलून जबाबदारी द्या. दोघंही आहेत, म्हणून कुणीच बघत नाही, असं फार सहज होतं.

तिसरा: जागा सोडावी लागली, तर आधी पाणी ओता किंवा सगळ्यांना सोबत न्या. दारावरची घंटा, एखाद्याची शी, आत शिजत ठेवलेलं काहीतरी, यांतलं काहीही अपवाद ठरत नाही.

एकटीने पाळणाघर चालवत असाल, तर पाण्याच्या वेळी मुलांची संख्या नेहमीपेक्षा कमी ठेवा. दोन गट करा. एक गट झोपलेला असताना दुसरा बाहेर येऊ द्या, पण झोपलेल्यांकडे बघायला दुसरं कुणी घरात असेल तरच. तुमच्या भागात पाळणाघरांना परवान्याचे नियम असतील तर मुलांमागे किती माणसं हवीत, छोटे तलाव चालतात का, हे आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ते चालत नाहीत.

लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं नसेल, तर खेळण्यांच्या आधी त्यावर खर्च करा. बुडालेल्या मुलाला उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं या जुन्या समजुती वेळ वाया घालवतात. श्वास थांबलेल्या मुलाला तातडीने तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं हेच करायचं असतं, आणि ते हात धरून शिकावं लागतं. वाचून जमत नाही.

जागा

सावली बघा. अतिनील किरणं साधारण सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळेत जास्त तीव्र असतात, आणि पाण्यात खेळणाऱ्या मुलाला ऊन लागतंय हे कळतही नाही, कारण अंग गार असतं. झाडाची सावली सर्वांत छान. ती नसेल तर चादर ताणून बांधा, पण सूर्य सरकतो हे लक्षात ठेवून थोडी पुढे बांधा.

जमीन गवताची, मातीची किंवा खडबडीत फरशीची हवी. गुळगुळीत फरशीवर पाणी सांडलं की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी आपटतंच. उन्हातल्या सिमेंटवर स्वतःचा अनवाणी पाय मिनिटभर ठेवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्यांना नक्कीच बसेल. फाटकाला कडी आहे ना, जमिनीखालच्या टाकीचं झाकण कुलूपबंद आहे ना, कपडे धुवायचं यंत्र किंवा पंप जवळ असेल तर त्याची वायर पाण्याच्या वाटेवर नाही ना, हे एकदा फिरून पाहा. गच्चीवर खेळवत असाल तर कठड्याजवळ ज्यावर चढता येईल अशी एकही वस्तू नको: ना खुर्ची, ना कुंडी, ना उलटी बादली.

आणखी एक जागा सगळे विसरतात: खेळाच्या जागेपासून घराच्या दारापर्यंतची वाट. ओले पाय आणि कोरडी फरशी यांची गाठ तिथेच पडते. दारात दोन मोठी पायपुसणी, आत पहिल्या काही पावलांवर जुना टॉवेल, एवढं पुरतं.

पाणी

परातीत किंवा पसरट तसराळ्यात दोन-तीन सेंटिमीटर. एवढं पाणीही निर्धोक नाही, म्हणून नजर हटवायची नाहीच. पण एवढ्या पाण्यात खेळ पूर्ण रंगतो, मग जास्त कशाला? उभं राहता येणाऱ्या मुलांसाठी परात बुटक्या, जड बाकावर ठेवा. मूल उभ्याने खेळतं, पाणी पोटाच्या उंचीवर राहतं आणि आत वाकावं लागत नाही.

सारखं भरून देताना तुमचा हात अडकतो. त्यावर मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे खाली तोटी असलेला पाण्याचा झाकणबंद डबा. तो भिंतीला टेकवून, पट्ट्याने घट्ट बांधून ठेवायचा, म्हणजे कुणी ओढला तरी अंगावर येणार नाही. मुलं स्वतः तोटी फिरवून पेला भरतात. बारीक धार असल्यामुळे पाणी हळू येतं, रांग लागते, वाट बघायला शिकतात, आणि डबा संपला की खेळ आपोआप संपतो. ‘आता बस’ असं म्हणायचं काम डबा करतो, म्हणून रडारडही कमी होते.

नळाला पाईप जोडून पाणी घेत असाल, तर उन्हात पडलेल्या पाईपमधलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. लहान मुलांची त्वचा पातळ, ती लवकर भाजते. गार पाणी येईपर्यंत पाईप जमिनीवर सोडा, मनगटाच्या आतल्या बाजूवर धार घेऊन बघा, मगच मुलांकडे वळवा. थंडीचे दिवस असतील तर पाणी कोमट करून आणा.

पाणी पिण्याजोगंच घ्या. ‘पिऊ नको’ हे वाक्य दोन वर्षांच्या मुलाला सांगून उपयोग नाही, ते पिणारच. झाडांसाठी साठवलेलं पावसाचं पाणी इथे नको.

एकाच टबात सगळ्यांना का नको, याचं कारण बुडण्यापलीकडचंही आहे. छोट्या तलावात पाणी गाळायची किंवा निर्जंतुक करायची सोय नसते. डायपर शी थोडा वेळ अडवतो, जंतू अडवत नाही. जुलाबाचे काही जंतू अगदी थोड्या संख्येने पोटात गेले तरी आजार होतो, आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी क्लोरिनच्या पाण्यातही काही दिवस तग धरतो. म्हणून प्रत्येकाची परात वेगळी. ज्याला जुलाब होताहेत त्याला पाण्याच्या खेळात घेऊ नका; त्या दिवशी त्याला सावलीत कोरडं काहीतरी द्या. घरी असा आजार होऊन गेला असेल तर पुन्हा पाण्यात कधी घ्यायचं, हे पालकांनी डॉक्टरांना विचारून सांगावं.

भांडीकुंडी

इथे पैसे घालवायची गरजच नाही. रिकामे डबे, मग्गे, नरसाळं, चाळणी, गाळणं, डाव, पळी, झारी, रुंद ब्रश, जाड स्पंज. काच आणि धारदार कडा नकोत. वस्तू फार बारीक तर नाही ना, हे बघायला शौचालयातल्या कागदी गुंडाळीची आतली नळी वापरा. तिचा व्यास साधारण 4 सेंटिमीटर असतो. त्यातून आरपार जाणारी कुठलीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, ती बाजूला. फुगे नकोत, कारण फुटल्यावरचा तुकडा श्वास अडवतो. पाण्यात टाकल्यावर फुगणारे ते रंगीत जेलीसारखे मणी तर घरातच आणू नका. गिळले तर ते आतड्यात फुगतात, आतडं अडतं, आणि शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

प्रत्येक वस्तू सारखीच, एकाच रंगाची, आणि मुलांच्या संख्येपेक्षा एक जास्त. हे पोरांचे लाड नाहीत. या वयाची मुलं एकमेकांसोबत खेळण्यापेक्षा एकमेकांशेजारी खेळतात. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधिकेने 1932 मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार मांडताना हा समांतर खेळ वेगळा दाखवला होता. एक लाल मग्गा आणि पाच निळे असतील तर तुमची सगळी सकाळ लाल मग्ग्याच्या न्यायनिवाड्यात जाते.

त्या दिवशीचा क्रम

1. आदल्या दिवशी पालकांना कळवा: कपड्यांचे दोन जोड, टोपी, टॉवेल. लेखी संमती वर्षाच्या सुरुवातीला एकदाच घेऊन ठेवा. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते पालकांनी दिलेलं आणि घरी लावून पाहिलेलं असावं. ते दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावावं लागतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र सनस्क्रीनपेक्षा सावली आणि अंगभर सुती कपडे बरे.

2. मुलं यायच्या आधी सगळी भांडी मांडून ठेवा, पण रिकामी. टॉवेल, कोरडे कपडे, डायपर, प्रथमोपचाराचा डबा, पिण्याचं पाणी, फोन हे सगळं एका टोपलीत, तुमच्या हाताशी. या टोपलीत जे नसेल तेच आणायला तुम्हाला उठावं लागणार आहे, असं समजून ती भरा.

3. शी-शू, डायपर, पाणी पिणं आत उरकून घ्या.

4. मुलांना बाहेर आणा, प्रत्येकाला त्याची जागा दाखवा, मोजा. पाणी सगळ्यांत शेवटी ओता. भरलेली भांडी आधी मांडून मग मुलांना आणायला आत जाणं, हा नेमका उलटा क्रम बऱ्याच ठिकाणी दिसतो.

5. वीस मिनिटांनी ओठांकडे बघायला लागा. ओठ निळसर, अंगावर काटा, थरथर यांतलं काही दिसलं तर ते मूल बाहेर, मग ते कितीही नको म्हणो. बाकीच्यांना अर्धा तास पुरतो.

6. उरलेलं पाणी मुलांनीच झाडांना घालायचं. रिकामी परात उलटी ठेवायची. मग एकेकाला पुसून, कोरडे कपडे घालून आत.

जेवणाच्या साधारण तासभर आधीची वेळ मला सर्वांत सोयीची वाटते. पाण्यात खेळलेली मुलं पोटभर जेवतात आणि लगेच झोपतात, आणि मग तुम्हालाही चार घास निवांत खाता येतात.

खेळ, कोरड्याकडून ओल्याकडे

*भिंत रंगवणं.* पहिल्यांदा हाच खेळ घ्या. छोट्या डब्यात बोटभर पाणी आणि पाच-सात सेंटिमीटर रुंदीचा ब्रश. भिंत, पायरी, कुंपण, मोठा दगड, जे दिसेल ते रंगवू द्या. ओला भाग गडद होतो, उन्हात वाळून नाहीसा होतो, की पुन्हा रंगवायला मोकळं. मुलं याला कंटाळत नाहीत, कारण काम कधी संपतच नाही. थोड्या मोठ्या मुलांना एक पट्टा उन्हात आणि एक सावलीत ओढायला सांगा. कुठला आधी गेला ते त्यांचं त्यांना दिसतं. याचाच भाऊबंद म्हणजे ओल्या पावलांचे ठसे. पसरट ताटलीत पाय बुडवून चालायचं आणि मागे वळून बघायचं.

*स्पंज.* एक परात भरलेली, एक रिकामी, मध्ये स्पंज. बुडवायचा, न्यायचा, पिळायचा. पिळण्यात तळहात, बोटं, मनगट सगळं राबतं. पुढे खडू धरायला आणि बटण लावायला हेच हात लागणार आहेत. स्पंज मोठाच ठेवा आणि खेळ संपल्यावर दातांनी तुकडा तोडलाय का ते बघा. काही मुलांना पिळण्यापेक्षा चोखायलाच आवडतं. त्यांच्या हातात स्पंजऐवजी कपड्याची जाड घडी द्या.

*ओतणं.* सगळ्या पाणीखेळांचा गाभा हाच, आणि इथे घाई करू नये. मग्ग्यातून डब्यात, डब्यातून नरसाळ्यात, नरसाळ्यातून बाटलीत. सुरुवातीला निम्मं बाहेर सांडतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मूल डबा भरत आल्यावर हात आवरायला लागतं, आणि तो क्षण टिपण्यासारखा असतो: डोळे काठावर, जीभ बाहेर, श्वास रोखलेला. काही बाटल्यांना तुम्हीच भोकं पाडून ठेवा. एकीला तळाशी, एकीला पोटाशी, एकीला एकच बारीक. आपण ओततोय तरी ही भरत का नाही, हे कोडं दीड वर्षाचं मूल बराच वेळ सोडवत बसतं. बोट भोकावर ठेवलं की धार थांबते, हे सांगू नका. ते सापडू द्या.

उंच बारीक पेला आणि बसका रुंद वाडगा शेजारी ठेवून तेच पाणी यातून त्यात ओतून दाखवलं, तर मुलांना उंच पेल्यात जास्त पाणी वाटतं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हे तपशीलवार मांडलं आहे. पाणी तेवढंच आहे ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास पक्की होते. तेव्हा दोन वर्षांच्या मुलाला ‘अरे, तेवढंच आहे’ हे पटवण्याचा खटाटोप नको. त्याला शेकडो वेळा ओतू द्या, एवढंच आपलं काम.

या वेळी आपण फार बोलू नये, पण जे बोलू ते नेमकं असावं. ‘वा, छान’ म्हणण्यापेक्षा ‘भरलं’, ‘आता ओतू जातंय’, ‘ठिबकतंय’, ‘धार लागली’, ‘बाही चिंब झाली’. हातात पाणी असताना ऐकलेला शब्द मुलं चटकन उचलतात.

*धुणं.* बाहुल्या, प्लास्टिकच्या गाड्या, दगड, पाळणाघरातल्या त्यांच्याच छोट्या खुर्च्या. एका परातीत किंचित साबण, दुसरीत साधं पाणी, शेवटी पुसायला फडकं. क्रम असलेलं काम मुलांना फार आवडतं, आणि हे खोटं काम नाही: खुर्ची खरोखर स्वच्छ होते. मातीत लोळवलेल्या गाड्या द्या, म्हणजे फरक दिसेल. डोळ्यांना न झोंबणारा साबण घ्या आणि तोही थोडाच, कारण साबणाच्या पाण्याने गवतसुद्धा निसरडं होतं. बाहुलीचे कपडे दोरीवर वाळत घालायचं काम तीन वर्षांच्या मुलांना देऊन बघा. दोरी त्यांच्या छातीच्या उंचीला बांधा, गळ्याच्या नको, आणि खेळ संपला की लगेच सोडा.

*पन्हळ.* प्लास्टिकचा पाईप उभा चिरून अर्धे भाग कुंपणाला उतरते बांधा, कडा घासून घ्या. वरून मग्ग्याने ओतलेलं पाणी एका पन्हळीतून दुसरीत, शेवटी बादलीऐवजी थेट कुंडीत. मोठा चेंडू सोडला तर तो पाण्यासोबत खाली येतो. मांडायला वेळ लागतो, पण एकदा बांधली की वर्षभर चालते.

*झाडांना पाणी.* झारी अर्धीच भरा. पूर्ण भरलेली त्यांना उचलत नाही आणि पायावर पडते. कुठल्या कुंड्या मुलांच्या हाती देताय ते बघा. कण्हेर आणि डिफेनबाकिया यांसारखी विषारी झाडं त्यांच्या पोहोचेच्या बाहेर हवीत.

*बर्फ.* बारीक खडे नकोत, ते घशात अडकतात. मोठ्या वाडग्यात पाणी, पानं, बिनविषारी फुलं घालून एकच मोठा गोळा गोठवा. बाहेर काढल्यावर काही मिनिटं तसाच ठेवा, वरचा थर ओला होऊ द्या. एकदम काढलेला बर्फ ओल्या बोटांना आणि जिभेला चिकटतो. मग कोमट पाणी पळीने घालून आतलं पान सोडवायचं. गोळा लहान होत गेला की वेळीच उचला.

तरंगणं-बुडणं हा खेळ पुस्तकांत फार दिसतो. तीन वर्षांच्या पुढे त्यात मजा येते. त्याआधी मुलं वस्तू नुसत्या डुबुक करून टाकतात. तेही चालेल.

*फवारा.* बाटलीला भोकं पाडून झाडाच्या फांदीला टांगा, वरून पाणी घाला, खाली पाऊस. पाईपने करायचं असेल तर धार आकाशाकडे, बारीक, आणि कुणाच्याही तोंडावर कधीच नाही. गमतीत तोंडावर मारलेल्या एका धारेने मूल पुढचे कित्येक दिवस पाण्याजवळ येत नाही.

*डबकी.* पाऊस पडून गेला असेल तर तयार खेळ समोर असतो. तळ दिसतो आणि माहीत आहे अशा उथळ डबक्यातच उड्या. ढग गडगडताना ऐकू आले तर सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच. चिखलाचं काही करायचं असेल तर त्यासाठी वेगळी भांडी ठेवा. चिखल आणि प्यायच्या पाण्याची भांडी एकत्र झाली की कुठली कोणती, हे तुम्हालाही कळत नाही.

ओलं प्लास्टिक अंथरून घसरायचा खेळ या वयाला नको. वेगाने घसरून एकदम थांबताना मानेला इजा होऊ शकते.

न भिजणारी, पाणी फेकणारी, पिणारी

प्रत्येक गटात एखादं मूल पाण्यापासून दोन हात लांब उभं राहतं. त्याला तिथेच उभं राहू द्या. हातात कोरडा ब्रश द्या किंवा तुमच्या मांडीवर बसवून इतरांचा खेळ दाखवा. ‘बघ, सगळे खेळतायत’ हे वाक्य त्याला मदत करत नाही. बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते आपणहून बोट बुडवतं. बाही ओली झाली की बेचैन होणारी मुलंही असतात. त्यांना बिनबाह्यांचं घाला, अर्धा प्रश्न सुटतो.

पाणी फेकणाऱ्याला फेकायला जागा द्या. कुंपणावर खडूने मोठा गोल काढा आणि ‘इथे मार’ म्हणा. फेकणं थांबवता येत नाही, दिशा देता येते. तरीही तोंडावरच फेकत असेल तर परात थोडी लांब सरकवा आणि तुम्ही त्याच्या बाजूला बसा.

पिणाऱ्याच्या हातात आधीच पिण्याचा वेगळा पेला द्या. कित्येकदा मूल खरंच तहानलेलं असतं.

वर्षाखालची बाळं असतील तर त्यांना या गर्दीत सोडू नका. मांडीवर, सावलीत, ओलं फडकं हातात. स्वतःचं स्वतः बसू न शकणाऱ्या बाळाला पाण्याच्या परातीजवळ ठेवायचं नाही.

आवरणं

सगळं पाणी ओतलं, भांडी उलटी केली, मुलं मोजली, मग दार लावलं. ओतायचं राहिलेलं एक तसराळं डासांना पुरतं. डेंग्यू पसरवणारा एडीस डास घरगुती भांड्यांतच अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला अनुकूल हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या पातळीच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही; आठवड्यातून एकदा कडा घासायच्या.

तोंडात गेलेली भांडी साबणाने धुऊन उन्हात वाळवा. स्पंज पूर्ण वाळला नाही तर त्याला वास येतो. असा स्पंज टाकून द्या. दाबल्यावर पिचकारी उडवणारी रबरी खेळणी मी ठेवत नाही. त्यांच्या पोटात पाणी राहतं आणि आतून काळी बुरशी धरते, जी चिरून बघितल्याशिवाय दिसत नाही.

मुलांना पुसताना मानेच्या, काखेच्या, जांघेच्या घड्या कोरड्या करा, नाहीतर संध्याकाळी पालक लाल चट्टे घेऊन विचारायला येतील. ओला डायपर फुगून जड होतो, तो लगेच बदला.

पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक

पहिले दोन दिवस फक्त ब्रश आणि बोटभर पाणी, दोन-दोन मुलांना घेऊन. टोपलीत काय राहून गेलं, कुठे घसरायला होतं, कुणाला किती वेळ पुरतो, हे या दोन दिवसांत कळतं. तिसऱ्या दिवशी स्पंज. चौथ्या दिवशी सुट्टी घ्या. ओले कपडे, टॉवेल आणि तुमची कंबर, तिघांनाही ती लागते. पाचव्या दिवशी तोटीचा डबा बाहेर काढा, आणि तो बांधलेला पट्टा मुलं यायच्या आधी स्वतः जोर लावून ओढून बघा.